घट्ट दगड वर कसा चढतो? इंदूरच्या बोरिंगमधून निघालेल्या एका प्रश्नाचे उत्तर

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. सुदामानगरात तुम्ही बोरिंग घेतलेत आणि साडेतीनशे फुटांपर्यंत काळाच दगड निघत राहिला. मशीनवाला म्हणाला, हा सगळा लाव्हा आहे. त्यावर आठवीतल्या तुमच्या लेकीने विचारले की हा आला कुठून, खाली अजून उरला आहे का, आणि पुन्हा वर येईल का? तिच्या पुस्तकातल्या चित्रात पृथ्वीच्या पोटात लालभडक रस दाखवलाय, आणि तुम्ही तर वाचलेत की तो भाग घट्ट दगडाचा आहे. मग खरे काय?

माझे शिक्षण भूशास्त्राचे आणि काम भूजलाचे. तीसेक वर्षे माळव्यात विहिरी आणि बोरिंगच्या जागा बघतो आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण काळजी तिथे आहे. इंदूरखाली लाव्हाचे तळे नाही आणि आपल्या, आपल्या नातवंडांच्या किंवा त्यांच्याही नातवंडांच्या आयुष्यात इथून लाव्हा येण्याची भीती नाही. का नाही ते सांगण्यासाठी तिच्या पहिल्या प्रश्नाच्या पोटात दडलेला प्रश्न आधी सोडवावा लागेल. खोलवर सगळा दगड घट्ट असेल, तर तो वर चढतो कसा? आणि चढताना त्याला कोणी जास्त तापवत नसताना तो वितळतो कसा?

घट्टपणापासून सुरुवात करू. आपण ज्या कवचावर राहतो ते खंडांखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असते. त्याखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, आणि त्याखाली लोखंडाचा गाभा. गाभ्याचा बाहेरचा भाग खरोखरच द्रव आहे. प्रावरण मात्र घन आहे, आणि हे भूकंपांनी सांगितले. भूकंपाच्या दोन मुख्य लहरींपैकी दुसरी, जिला एस लहर म्हणतात, ती पदार्थाला आडवी हलवत पुढे जाते. द्रवातून ती जाऊच शकत नाही, कारण पाण्याला आडवे हलवले तर ते सरकते, ताण धरून ठेवत नाही. ही लहर अख्ख्या प्रावरणातून पार होते आणि बाह्य गाभ्याशी येऊन थांबते. लेकीच्या चित्रातला लाल रंग उष्णता दाखवण्यासाठी आहे, पातळपणा दाखवण्यासाठी नाही. चित्राखाली ही एक ओळ असती तर कितीतरी मुलांचा गोंधळ वाचला असता. माझ्याकडे बोरिंगची जागा विचारायला येणाऱ्या दहांतले आठ जण खाली रसच आहे असे धरून चालतात.

आता घट्ट वस्तू वाहते कशी? रस्त्याच्या कामाजवळ डांबराचे पिंप आडवे पडलेले तुम्ही पाहिले असेल. थंडीत त्यावर हातोडी मारली तर काचेसारखी ढलपी उडते. तेच पिंप उन्हाळाभर तसेच राहू द्या, तोंडाशी डांबराची जीभ बाहेर आलेली दिसेल. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली अशा घट्ट डांबराने भरलेले नरसाळे प्रयोगासाठी ठेवले. २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. डांबर आणि दगड यांची आतली घडण वेगळी आहे, त्यामुळे ही तुलना फार ताणू नका. दगड वाहतो तो त्याच्या स्फटिकांमधले अणू एकेक करून जागा बदलतात म्हणून. पण मुद्दा तोच आहे. घट्ट की वाहता हे पदार्थावर ठरते, तितकेच तापमानावर आणि तुम्ही किती वेळ वाट पाहता त्यावरही ठरते. भूकंपाच्या लहरीला काही सेकंदांत निघून जायचे असते, तिला प्रावरण पोलादासारखे कडक वाटते. लाखो वर्षांच्या हिशेबात तेच प्रावरण घट्ट काकवीसारखे हलते.

एवढे पटले की पुढचे सोपे आहे. गाभा प्रावरणापेक्षा बराच गरम आहे. त्याला टेकलेला प्रावरणाचा तळचा थर तापतो, तापला की फुगतो, फुगला की हलका होतो. किती हलका? आजूबाजूपेक्षा तो अडीचशे अंशांनी गरम असेल तर जेमतेम पाऊण टक्का. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण शेकडो किलोमीटर रुंदीच्या दगडाचा पाऊण टक्का म्हणजे वर ढकलणारे प्रचंड बळ. तो फुगवटा हळूहळू सुटतो आणि वर निघतो. पुढे मोठे डोके आणि मागे बारीक शेपूट, असा त्याचा आकार प्रयोगशाळेत दाट पाकावर केलेल्या प्रयोगांत दिसतो. यालाच प्लूम म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी ही कल्पना मांडली. हवाई बेटांची रांग खालच्या एकाच गरम जागेवरून समुद्रतळ सरकत गेल्यामुळे तयार झाली असावी, हे कॅनडाचे भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६३ मध्येच म्हटले होते. मॉर्गननी त्या जागेची उष्णता कुठून येते त्याचे उत्तर सुचवले.

वेगाचा हिशेब लेकीला स्वतः करू द्या. प्लूम वर्षाला काही सेंटीमीटर ते दहा-वीस सेंटीमीटर चढतो असे मानतात. दहा सेंटीमीटर धरले तर २९०० किलोमीटरला २ कोटी ९० लाख वर्षे लागतात. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे या अंदाजाने तो दगड तळातून निघाला असेल साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी. आता धार जिल्ह्यातले बाग आठवा, लेण्यांसाठी आपण जातो ते. तिथे लाव्हाच्या खाली समुद्राचा चुनखडक आहे, त्यात शिंपले आणि समुद्री अर्चिनांचे अवशेष सापडतात. तो समुद्र ढोबळमानाने नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा. बागच्या समुद्रात ते शिंपले जगत होते, तेव्हा त्यांना पुढे गाडून टाकणारा दगड कदाचित नुकताच तळातून सुटत होता. हे गणित अंदाजाचेच आहे, वेग दुप्पट धरला की प्रवासाचा वेळ निम्मा होतो. पण बागचा तो पांढुरका थर आणि त्यावरचा काळा कातळ एकाच नजरेत दिसतो, तेव्हा हा अंदाज माझ्या डोक्यातून जात नाही.

आता खरी गाठ. एवढा वेळ हा दगड घट्टच होता, मग वितळला कुठे? पुष्कळ जणांना वाटते की तो खालून वितळूनच निघाला. तसे नाही. खाली तो वरच्यापेक्षा जास्त गरम असूनही घट्ट असतो, कारण तिथला दाब त्याला वितळू देत नाही. स्वयंपाकघरातला कुकर घ्या. आतले पाणी १२० अंशांपर्यंत जाते तरी उघड्या पातेल्यातल्यासारखे खळखळत नाही, कारण वाफेचा दाब आहे. शिटी उचलली गेली की दाब उतरतो आणि आतले पाणी एकदम उसळते. त्या क्षणी तुम्ही गॅस मोठा केलेला नसतो, फक्त दाब कमी झालेला असतो. पाण्याचे उकळणे आणि दगडाचे वितळणे या वेगळ्या क्रिया आहेत, पण दोन्हींत दाब झाकणासारखा बसलेला आहे.

आकड्यांत सांगतो. चढणारा दगड फुगतो, त्यामुळे थोडा निवतो, दर किलोमीटरला साधारण अर्धा अंश किंवा त्याहून कमी. त्याच वाटेवर त्याचा वितळणबिंदू मात्र वरच्या शे-दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात दर किलोमीटरला तीनेक अंशांनी खाली येतो. समजा दगड शंभर किलोमीटर चढला. तो निवला पन्नासेक अंश, पण वितळायची रेघ तीनशे अंशांनी खाली आली. कुठेतरी ती रेघ त्याला गाठतेच. तिथे तो वितळू लागतो, निवत असताना वितळू लागतो. सगळा नाही बरे का, दहा-वीस टक्के, कधी त्याहूनही कमी. मुलांची बर्फकांडी आठवा. चोखताना गोड रंगीत पाणी आधी येते आणि काडीवर फिका बर्फ उरतो. तसेच इथे होते. प्रावरणातला पेरिडोटाइट नावाचा हिरवट, जड दगड थोडासा वितळतो. जे आधी वितळते त्याचा घटक वेगळा, त्यात सिलिका जास्त असते. तो शिलारस हलका असतो, फटींतून वर येतो, बाहेर पडताना ११०० ते १२०० अंशांचा असतो आणि थिजला की बेसॉल्ट होतो. तुमच्या बोरिंगमधून निघाला तो हाच. उरलेला फिका दगड खालीच राहतो. तुमच्या जुन्या घरी पाटा-वरवंटा असेल तर तोही बहुधा याच काळ्या दगडाचा.

इथवरचे दोन वाक्यांत बांधून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. २९०० किलोमीटरांच्या वाटेत बहुतेक सगळा प्रवास घट्ट दगडाचा आहे, वितळणे फक्त शेवटच्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये होते. आणि ते दाब उतरल्यामुळे होते.

मग आपल्याच वाट्याला का आले? इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे. प्लूमच्या वर जाड, थंड खंडाचे झाकण असेल तर तो फार वर येऊ शकत नाही, दाब पुरेसा उतरत नाही, वितळणेही थोडेच होते. झाकण पातळ असेल किंवा ताणले जात असेल तर तो उंच चढतो. भारताच्या पश्चिमेला त्या काळात सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातली बेटे) तुकडा वेगळा होत होता. नर्मदा-तापीचा पट्टा तर त्याहून जुनी, कमकुवत रेघ. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर जमिनीत उभ्या काळ्या भिंतींसारखे डाइक दिसतात. त्या लाव्हा वर येण्याच्या वाटा. महाराष्ट्र, माळवा, गुजरात मिळून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा लाव्हा उरलेला आहे, आणि त्यातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ओतला गेला. भूशास्त्राच्या घड्याळात हा फारच थोडा वेळ.

आता जानापावबद्दल विचाराल तर माझे मत सांगतो. महूजवळच्या त्या डोंगराला, जिथे चंबळचा उगम मानतात, लोक ज्वालामुखीचे तोंड म्हणतात. मी तिथे अनेकदा गेलो, मला आडव्या थरांचा झिजून उरलेला डोंगर दिसला. इथला लाव्हा मुख्यत्वे शंकूतून उडाला नाही, लांब भेगांतून पसरला. म्हणूनच माळवा सपाट आहे, आणि घाटाच्या तोंडाशी गेले की पायऱ्या दिसतात. या खडकांना ट्रॅप म्हणतात ते स्कँडिनेव्हियन भाषांतल्या पायरीच्या शब्दावरून.

आता ‘प्लूम’ हे उत्तर पूर्ण सिद्ध आहे का? प्रामाणिकपणे सांगायचे तर यावर अजून वाद आहे, आणि तो चांगल्या अभ्यासकांमधला आहे. बाजूने तीन गोष्टी मला वजनदार वाटतात. पहिली, इतका लाव्हा इतक्या थोड्या वेळात. प्लूमचे हजार-दीड हजार किलोमीटर रुंदीचे डोके पोहोचले तर हे समजते. दुसरी, मागची शेपूट. इथून दक्षिणेला लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रातली रांग आहे, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन बेट. १९८७ मध्ये समुद्रतळाला भोके पाडून तिथला बेसॉल्ट काढला, तेव्हा वय दक्षिणेकडे कमी होत गेलेले आढळले. मालदीवजवळ साडेपाच कोटी वर्षांच्या थोडे पुढे, चागोसपाशी पाच कोटींच्या जवळपास, मॉरिशसला ऐंशी-नव्वद लाख वर्षे, आणि रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी तर आजही वारंवार लाव्हा ओकतो. तिसरी, भूकंपलहरींवरून काढलेल्या चित्रांत काही ज्वालामुखी बेटांखाली गरम खडकाचे रुंद स्तंभ खूप खोलपर्यंत दिसतात.

विरुद्ध बाजूही दुबळी नाही. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी बरीच वर्षे मांडले आहे की दख्खनला प्लूमची गरज नाही. भूखंड फाटताना, जुन्या भेगा उघडताना वरच्या प्रावरणातूनच हे होऊ शकते. त्यांचा एक मुद्दा आपल्या अंगणातला आहे. एवढे मोठे गरम डोके खालून टेकले असते तर लाव्हा येण्याआधी जमीन घुमटासारखी उचलली गेली असती, आणि त्या उचलण्याची खूण लाव्हाखालच्या थरांत सापडायला हवी. ती स्पष्ट सापडत नाही. बाग आणि धारच्या बाजूला लाव्हाखाली लॅमेटा नावाचा थर आहे, त्यात डायनासोरची अंडी आहेत. २०२३ मध्ये नर्मदा खोऱ्यातल्या अशा ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध झाली. हे प्राणी सखल, ओलसर जमिनीवर अंडी घालत होते. जमीन खूप उंच उचलली गेली होती असे ते थर सांगत नाहीत. मी स्वतः प्लूमकडे झुकतो, मुख्यतः समुद्रातल्या वयांच्या त्या रांगेमुळे. पण हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. लेकीला दोन्ही बाजू सांगा, आठवीच्या मुलीला त्या कळतात.

सगळे ज्वालामुखी या एकाच कारणाने होतात असेही तिला वाटू देऊ नका. अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी, भारतातला एकमेव जागृत, वेगळ्या जातीचा आहे. तिथे एक भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कडक थराचा सरकता तुकडा) दुसऱ्याखाली जातो, सोबत नेलेले पाणी सोडतो, आणि पाण्यामुळे वरच्या गरम दगडाचा वितळणबिंदू उतरतो. मीठ टाकले की बर्फ लवकर वितळतो, तसे काहीसे. आणि वज्रेश्वरीसारखे गरम पाण्याचे झरे म्हणजे खाली लाव्हा असल्याचा पुरावा नव्हे. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, खोलीनुसार तापते, आणि दुसऱ्या भेगेतून वर येते.

आता परत तिच्या शेवटच्या प्रश्नाकडे: पुन्हा येईल का? प्लूम खाली बऱ्याच अंशी जागच्या जागी राहतो, वरचा भूपट्ट सरकतो. लाव्हा ओतला जात होता तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने उत्तरेला पळत होता. आज तो पाचेक सेंटीमीटरने सरकतो. ज्या चुलीवर आपण होतो ती आता रियुनियनखाली आहे, इंदूरपासून सुमारे पाच हजार किलोमीटरवर. आपल्या पायाखालचे जे वितळले होते ते तेव्हाच वर येऊन थिजले, उरले ते निवले. मंगळावर उलटे आहे. तिथे भूपट्ट सरकत नाहीत, त्यामुळे एकाच जागी लाव्हा साचत राहून ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच झाला. आपल्याकडे तसा एक महापर्वत न होता हजारो किलोमीटरची रांग झाली, ती याच सरकण्यामुळे.

शेवटी, तुमच्याकडे या क्षणी एक चांगली प्रयोगशाळा पडून आहे: बोरिंगचा चुरा. तो ढीग फेकू नका. मशीनवाल्याला विचारा, किती फुटांवर काय निघाले. आमच्याकडचे जुने ड्रिलर म्हणतात, “लाल मिट्टी आ गई, अब पानी देखो.” काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये येणारी ती लाल माती म्हणजे दोन लाव्हांच्या मधला विसावा. खालचा लाव्हा थिजला, उन्हापावसात झिजला, त्यावर माती झाली, मग पुढचा लाव्हा तिच्यावर आला आणि ती भाजली गेली. पाणी अशा सांध्याजवळ मिळते, पण दरवेळी नाही, ते सांधा किती फुटलेला आहे त्यावर असते. साडेतीनशे फुटांत असे किती लाल पट्टे लागले ते मोजा, म्हणजे तुमच्या घराखाली किमान किती लाव्हा एकावर एक आहेत ते समजेल. पावसाळ्यानंतर पातालपाणीला जा, कालाकुंडची छोटी गाडी चालू असेल तर तिने घाट उतरा, हेच थर कड्यात उभे दिसतील.

आणि चुरा धुऊन तिला त्यातला भोकाभोकांचा तुकडा शोधायला सांगा, राखाडी-तपकिरी, भोकांत पांढरे खनिज भरलेला. तो प्रत्येक लाव्हाच्या वरच्या भागात असतो. ती भोके लाव्हात विरघळलेल्या वायूची आहेत. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे सुटतात तसा तो वायू लाव्हा वर येताना दाब उतरल्यावर सुटला, आणि बाहेर पडण्याआधीच भोवतीचा लाव्हा थिजला. पांढरे खनिज नंतरच्या पाण्याने आणून भरले. शंभर किलोमीटर खाली दगड ज्या कारणाने वितळला, त्याच कारणाने पडलेली ही भोके तिला भिंगाखाली मोजता येतील.